बादलीने मोजलेला ओहोळ

शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवर आम्ही गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असे, "कोणाकडनं आलाव?"

कुठून आलात, हे कोणी विचारत नसे. आम्ही कल्याणकडून एसटीने आलोय हे त्यांना आमच्या चपलांवरूनच कळलेलं असे. या पोरांना पाठवलं कोणी, हा खरा प्रश्न. वह्या-पेनं घेऊन आजवर जे जे आले होते, ते काहीतरी घेऊन गेले होते. धरणवाले आले, त्यांनी जमीन मोजली. जंगल खात्याचे आले, त्यांनी हद्दीचे दगड रोवले. नव्वदनंतर गाड्या घेऊन शहरातले लोक येऊ लागले. विहिरीचं पाणी गोड आहे का एवढंच त्यांनी विचारलं आणि वर्षभरात त्या विहिरीभोवती तारेचं कुंपण पडलं. मग आमच्यासाठी कोणी दार उघडावं तरी का?

मी कायद्याच्या महाविद्यालयात सव्वीस वर्षं शिकवलं. त्यातली शेवटची बरीचशी वर्षं पर्यावरणाचा कायदा. हा विषय सक्तीचा झाला तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत तो कोणालाच नको होता. करार, मालमत्ता, फौजदारी हे भरल्या ताटातले पदार्थ ज्येष्ठांनी आधीच वाढून घेतले होते. उरलं ते माझ्या पानात पडलं. पहिली दोन वर्षं मीही तो इतरांसारखाच शिकवला. पाण्याचा कायदा, हवेचा कायदा, जंगलाचा कायदा. मुलं कलमं पाठ करत आणि परीक्षेत ओतून मोकळी होत. एकदा मी वर्गात विचारलं, "ओढ्यात कारखान्याने घाण सोडली, हे कोर्टात सिद्ध कसं कराल?" पहिल्या बाकावरच्या अमेयने ताडकन कलम सांगितलं. म्हटलं, "कलम माहीत आहे मला. पुरावा काय देशील?" शेवटच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "आधी तो ओढा कसा होता, ते कोणीतरी लिहून ठेवलेलं पाहिजे ना, मॅडम?"

ती संगीता. टोकावड्याची. रोज पहाटे मुरबाडची एसटी पकडायची, तिथून कल्याणला यायची, आणि तासाला उशीर झाला तर दारात उभी न राहता सरळ आत येऊन बसायची. माफी मागत नसे. मला ते तेव्हा उर्मटपणाचं वाटायचं.

तिच्या त्या वाक्यातून आमचं काम सुरू झालं. टोकावड्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे. खरं नाव सांगत नाही, आंबेपाडा म्हणू. वीस-बावीस घरं ठाकरांची, आणि ओहोळाच्या पलीकडे चार-पाच झोपड्या कातकऱ्यांच्या, ज्या दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीला गेली की कुलूपही न लावता रिकाम्या पडत. एक ओहोळ डोंगरातून उतरतो, कातळावरून खाली एका डोहात पडतो आणि पुढे टोकावड्याच्या शेतांकडे जातो. ठरवलं की पावसाळा संपल्यापासून दर महिन्याला या ओहोळाचं पाणी मोजायचं. पुरावा कसा तयार होतो हे मुलांना कळावं, एवढाच हेतू. तेव्हा कुठल्याही कारखान्याचा पत्ता नव्हता.

पाणी मोजण्यात काही जादू नाही. कातळावरून धार पडते तिथे पंधरा लिटरची बादली धरायची आणि ती किती सेकंदांत भरते ते घड्याळात बघायचं. तीनदा मोजायचं, सरासरी काढायची, तारीख घालायची, मोजणाऱ्यांच्या आणि पाड्यावरच्या एका साक्षीदाराच्या सह्या घ्यायच्या. अडचण या शेवटच्या गोष्टीत आली.

साक्षीदार म्हणून आम्ही हिरूबाईंना विचारलं. डोहाशी सर्वांत जवळचं घर त्यांचं. साठीच्या असतील, पण पाठीत वाकल्या नव्हत्या. त्या आमच्या शाईच्या डबीकडे बघत राहिल्या.

"अंगठा नाय देनार," त्या म्हणाल्या. "माझं माहेर शापूरकडं. धरनाच्या वक्ताला माझ्या बापानं दिला व्हता अंगठा. आता भातसानगरला त्याच्या शेतावर पानी हाय आनि आमची भावजय हंडा घेऊन मैलभर जाते. तुमचं तुमी लिवा, माझं मी ठेवीन."

आणि त्यांनी कोयत्याने डोहाच्या काठच्या कातळावर, पाणी जिथवर होतं तिथे, एक आडवी खूण ओढली. पुढे दर महिन्याला आम्ही वहीत लिहीत गेलो आणि त्या कातळावर खूण ओढत गेल्या. अमेयला हे हास्यास्पद वाटलं. संगीता मात्र वहीत आमच्या आकड्यासमोर लिहायची, "हिरूआजींची खूण क्रमांक तीन."

पौषात जवळच्या म्हसा गावची जत्रा भरली. सगळा पाडा जत्रेला, आमची शहरातली पोरंही बैलबाजार बघायला पळाली. त्या महिन्याची मोजणी संगीताने आणि हिरूबाईंनी दोघींनीच केली. अशी ती त्या घरातली झाली होती. जेवायची तिथे, कधी शेवटची एसटी चुकली तर राहायचीही.

माघ संपता संपता एके दिवशी संगीता वर्गात एक वर्तमानपत्र घेऊन आली. टोकावड्याच्या हॉटेलात तिने वाचलं होतं. आतल्या पानावर बारीक टायपात जाहीर सूचना होती. आंबेपाड्यालगतच्या जमिनीवर रंगासाठी लागणारं रसायन तयार करणारा कारखाना येणार होता. नियमानुसार जनसुनावणी होणार होती, हरकती असतील तर महिन्याभरात लेखी द्याव्यात.

जनसुनावणी म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकासाठी सांगते. असा कारखाना उभा करण्याआधी कंपनीने एक अहवाल द्यायचा असतो, की आमच्यामुळे इथल्या हवेचं, पाण्याचं, माणसांचं काय होईल. तो अहवाल लोकांना बघायला मिळाला पाहिजे, आणि सरकारी अधिकाऱ्यांसमोर लोकांना बोलता आलं पाहिजे. कागदावर उत्तम व्यवस्था आहे. फक्त सूचना अशा वर्तमानपत्रात येते जे पाड्यावर जात नाही, अहवाल इंग्रजीत असतो, आणि तो बघायचा तर ठाण्याला जावं लागतं.

आम्ही ठाण्याला गेलो. कार्यालयातल्या कारकुनानेही तेच विचारलं, "कोणाकडून आलात?" महाविद्यालयाचं पत्र त्याने दोनदा वाचलं, आत जाऊन साहेबांना दाखवलं, मग एका टेबलावर अहवाल ठेवला आणि आम्ही वाचून होईपर्यंत समोरच्या खुर्चीत बसून राहिला. झेरॉक्स मिळणार नाही म्हणाला. आम्ही हाताने उतरवून घेतलं.

ओहोळाबद्दल त्या जाडजूड अहवालात एकच वाक्य होतं: प्रकल्पाजवळून एक हंगामी नाला जातो, तो डिसेंबरनंतर कोरडा असतो. म्हणजे त्यात काही सोडलं तरी पाणी दूषित होण्याचा प्रश्नच नाही, कारण पाणीच नाही.

संगीताने माझ्याकडे बघितलं. आमच्या वहीत मार्गशीर्ष, पौष, माघ असे तीन महिने वाहत होते.

आम्ही चैत्रापर्यंत मोजत राहिलो. धार बारीक झाली, पण थांबली नाही. मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी मी लेखी हरकत तयार केली, सोबत मोजणीचा पूर्ण तक्ता जोडला आणि स्वतः ठाण्याला जाऊन दिली. पोच घेतली. मला वाटलं, आता सुनावणीत हा तक्ता असा टेबलावर ठेवीन की कंपनीच्या सल्लागाराला उत्तर सुचणार नाही. खटला न लढवलेल्या शिक्षकाला अशी स्वप्नं पडतात.

सुनावणीच्या आठवडाभर आधी मी, अमेय आणि आणखी दोन मुलं आंबेपाड्याला गेलो. संगीताच्या घरी त्या दिवशी कसलीशी पूजा होती. पाड्यावर शिरताच कळलं, काहीतरी बिनसलंय. नेहमी धावत येणारी पोरं आली नाहीत. हिरूबाईंनी पाणी दिलं, पण तांब्या हातात न देता ओट्यावर ठेवला.

"कंपनीची मान्सं येऊन गेली," त्या म्हणाल्या. "त्यांना सगलं ठावं हाय. कंच्या मयन्याला बादली किती वेळात भरली, सगलं. आमच्या तोंडाव सांगितलं. तुमच्या वहीतलं त्यांना कसं ठावं, बाय?"

मागे पाच-सहा पुरुष उभे होते. वही माझ्या कपाटात, कुलपात असे.

अमेयने मला बाजूला घेतलं. "मॅडम, सांगू की नको असं झालं होतं. संगीताचा मामा जमिनीचा दलाल आहे. इथल्या जमिनी त्यानेच कंपनीला दाखवल्या. परवा मुरबाडला मी त्याला कंपनीच्या गाडीत बघितलं. आणि वहीची एक प्रत तिच्याकडे असते."

यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच माझा घात झाला. एखादं खोटं सांगितलं असतं तर कदाचित तपासलं असतं. उर्मट वाटणारी ती मुलगी, तिचं त्या घरात राहणं, जत्रेच्या दिवशी एकटीने मोजणं, सगळं माझ्या डोक्यात भराभर एका रांगेत बसलं. ज्या मुलीने सूचना शोधून आणली ती कंपनीची कशी असेल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. पडला असेल तर मी तो दाबला. समोर ते पाच-सहा पुरुष उभे होते आणि मला तिथून माझी सुटका हवी होती.

मी ओट्यावर परत आले आणि सर्वांसमोर म्हणाले, "आमच्यातल्या एकीकडून चूक झालेली दिसते. संगीता यापुढे इथे येणार नाही."

हिरूबाई तांब्या उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात मी संगीताला बोलावून सांगितलं की सुनावणीच्या गटात तिचं नाव नाही. तिने विचारलं, "का?" मी म्हटलं, "तुला माहीत आहे." तिने बॅगेतून वहीची तिची प्रत काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेली. पाड्यावरचं माझं वाक्य ती घरी परतायच्या आधीच टोकावड्याला पोचलं होतं, हे मला नंतर कळलं.

सुनावणी मुरबाडच्या एका सभागृहात झाली. पुढच्या खुर्च्यांवर कंपनीने आणलेली माणसं आधीच बसलेली, सगळ्यांच्या खिशाला सारखीच नवीन पेनं. पाड्यावरचे लोक एसटीने आले ते मागे भिंतीला टेकून उभे. संगीता आणि तिची आई बायकांमध्ये बसलेल्या मला दिसल्या. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही आता कोणाच्या बाजूने बोलायला आली आहे?

अधिकाऱ्यांनी आमची हरकत वाचली. कंपनीचा सल्लागार उठला, चष्मा लावला आणि हसत म्हणाला, "या विद्यार्थ्यांच्या उत्साहाचं कौतुक आहे. पण साहेब, हे बादलीने मोजलेलं पाणी आहे. शास्त्रीय उपकरण नाही, स्थानिक साक्षीदाराची सही नाही." आणि हातातला कागद त्याने सभेला दाखवला.

आमचा तक्ता. झेरॉक्स. वरच्या उजव्या कोपऱ्यात कार्यालयाचा आवक शिक्का आणि त्यात माझ्या पोचपावतीवरचाच क्रमांक.

लेखी हरकत आली की तिची प्रत उत्तर द्यायला कंपनीकडे जाते. रीतच आहे ती. दर वर्षी मी फळ्यावर लिहून शिकवत होते. तक्ता कोणी फोडला नव्हता. तो मीच, माझ्या सहीने, पोच घेऊन, त्यांना पाठवला होता.

तेवढ्यात हिरूबाई पुढे झाल्या. अधिकाऱ्यांनी नाव विचारलं, मग गट नंबर. सातबारा कोणाच्या नावावर आहे?

"सातबारा नाय. जागा वनाची."

"मग आजी, तुमची जमीन जात नाहीये. बसा तुम्ही."

मी उठले. "साहेब, यांना बोलू द्या," म्हटलं. "मॅडम, तुमचं लेखी आलंय. तुम्ही इथल्या नाही. बसा." सभागृहात हशा झाला. मी खरोखरच बसले.

मागून आवाज आला. "मी इथली आहे. टोकावड्याची. हा ओहोळ पुढे आमच्या शेतात येतो." संगीता उभी होती. "साहेब, सूचनेत लिहिलंय की रहिवाशांना बोलता येईल. मालकांना असं नाही लिहिलेलं. आजी चाळीस वर्षं तिथे राहतात. त्यांना बसवायचं असेल तर कुठल्या नियमाने बसवलं, तेवढं इतिवृत्तात लिहा. आम्ही सही करतो."

अधिकाऱ्यांनी शेजारच्या माणसाकडे बघितलं. तो काही कुजबुजला. मग ते म्हणाले, "बोला आजी. थोडक्यात."

हिरूबाई थोडक्यात बोलल्या नाहीत. कुठल्या महिन्यात पाणी कातळाच्या कुठल्या खुणेला असतं, वैशाखात गुरं कुठे पितात, डोहातले मासे कधी धरायचे आणि कधी नाही, सगळं सांगितलं. सल्लागाराने विचारलं, "याचा पुरावा काय?" त्या म्हणाल्या, "कातलाव सा खुना हायेत. तुझी गाडी हाय ना? चल, दावते. आता जाऊ. पानी पन हाय, पिऊन बघ."

भिंतीला टेकलेली माणसं पहिल्यांदा हसली. संगीताने ते सगळं निवेदन लिहून घेईपर्यंत आणि वाचून दाखवेपर्यंत अधिकाऱ्यांना उठू दिलं नाही. दोन महिन्यांनी कळलं की ओहोळाची वर्षभर नव्याने पाहणी करायला कंपनीला सांगण्यात आलंय. पाहणीला कोणी आलं नाही. पुढच्या वर्षी कंपनीने दुसरीकडे जागा घेतली. आमच्यामुळे की तिकडे रस्ता बरा मिळाला म्हणून, हे मला आजतागायत ठाऊक नाही. मुलांनी पेढे वाटले. मी एक खाल्ला, पण अशा विजयांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता.

सुनावणीनंतरच्या रविवारी मी टोकावड्याला संगीताच्या घरी गेले. दार तिच्या मामाने उघडलं. पांढरा सदरा, हातात मोबाइल. मी कोण हे कळल्यावर त्याने खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभा राहिला.

"म्याडम, मी दलाल हाय," तो म्हणाला. "जमिनी दाखवल्या, कंपनीच्या गाडीत पन फिरलो. लपवत नाय. पन भाचीच्या दप्तराला मी कवा हात लावला नाय. तिनं लावू पन दिला नसता."

संगीता चहा घेऊन आली. मी तिला शिक्क्याचं सांगितलं, माझी चूक सांगितली, क्षमा मागितली. ती कपाकडे बघत ऐकत होती.

"शिक्का मीपण बघितला, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही एकदा विचारायचं होतंत. फक्त एकदा. मी नाही म्हटलं असतं, मग तुम्हाला खोटं वाटलं असतं तरी चाललं असतं."

मी कप खाली ठेवला.

"आणि माफी मला घरात नको. जिथे बोललात तिथे जाऊन बोला."

पुढची एसटी दोन तासांनी होती. मी आंबेपाड्याला चालत गेले. आयुष्यात किती व्याख्यानं दिली असतील, पण त्या वाटेवर एक वाक्य जुळवता जुळत नव्हतं. हिरूबाई ओट्यावर करवंदं निवडत होत्या. शेजारची चार माणसं जमली. मी उभी राहून सगळं सांगितलं. तक्ता माझ्याच हातून गेला, कायद्याच्या रीतीने गेला, संगीताचा त्यात काही दोष नव्हता आणि मी तिच्यावर खोटा आळ घेतला.

कोणाला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. हिरूबाईंनी करवंदांची टोपली माझ्याकडे सरकवली.

"आमाला तवाच ठावं व्हतं गो, ती पोर तसली नाय," त्या म्हणाल्या. "आमी सौंशय घेतला व्हता तो तुमच्याव. तुमीच तो उचलून तिच्याव टाकलात."